खालच्या शेतातले पांढरे पट्टे

छोटीचा चटकन विश्वास बसायचा नाही. कशावरच. पिठाच्या गिरणीत येणारं धान्य तपासण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, आणि पोत्याच्या तोंडाशी दिसतं तेच तळाशीही असेल असं तिनं एकदाही धरून चाललं नव्हतं. कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे वर काढायचे, वास घ्यायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा, आणि मगच गाडीवाल्याकडे बघून मान हलवायची. गिरणी बंद पडली आणि ती घरच्या शेतावर परत आली. पेटीत कपडे बेताचेच होते. ही सवय मात्र तिनं पुरेपूर आणली.

पंचेचाळिशी उलटली, कानशिलांवरचे केस पांढरे झाले, तरी घरात ती छोटीच. थोरला भाऊ तो दादा, त्याची बायको ती वहिनी. घरात माणसं एवढी तीनच. शेताचे तुकडे दोन. घरामागचं ते वरचं शेत, आणि तिथून उताराला लागून नाल्यापर्यंत गेलेलं ते खालचं. मका हेच नेहमीचं पीक, एखाद्या वर्षी गहू. मका निघाला की पुढच्या पेरणीपर्यंत जमीन उघडी पडायची. वारा सुटला की स्वयंपाकघराच्या खिडकीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी माती बसायची, आणि चार सरी पडल्या की नाला दुधाच्या चहासारखा वाहायचा.

"ही आपलीच माती चाललीय," छोटी एकदा नाल्याकडे बघत म्हणाली. "आणि आपण काठावर उभं राहून तिला निरोप देतोय."

मका काढल्या काढल्या जमीन झाकणारं पीक घ्यायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं. विकायला नाही, खायला नाही; नुसतं जमिनीच्या अंगावर पांघरूण म्हणून. दादाला तिनं जेवणाच्या टेबलावर सांगितलं.

"म्हणजे पेरायचं, वाढवायचं, आणि मग आपणच मारायचं?" दादानं विचारलं.

"मारायचं म्हणजे आडवं करायचं. रोलर फिरवायचा, त्याची चटई होते, आणि त्या चटईतच पुढचं पीक पेरायचं."

"याला शेती म्हणायचं की खेळ?"

तरी त्यानं ऐकून घेतलं. वहिनी भाजी चिरत बसली होती, तीही मधूनमधून तोंड घालत होती. काय पेरायचं यावर बरीच ओढाताण झाली. राय नावाचं गवत घ्यावं तर ते भराभर जमीन झाकतं, पण मरता मरत नाही आणि पुढच्या पिकाच्या वाट्याचं पाणी पिऊन बसतं. मोहरी स्वस्त, पण एकदा बी सांडलं की ती पाहुणी म्हणून येऊन घरमालकीण होते. शेवटी तीन बियांचं मिश्रण ठरलं. ओट, कारण तो लवकर वाढतो आणि फुलावर आला की रोलरखाली मुकाट्यानं मरतो. बरसीम, कारण त्याच्या मुळांच्या गाठी जमिनीला खत देतात. आणि लांब मुळा, कारण ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबून दगड झालेली माती तो खालपर्यंत भोसकतो. फक्त त्याला शेंगा धरायच्या आत आडवं करायचं.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "वरच्या शेतात कर. खालचं राहू दे."

"अरे, माती वाहून जाते ती खालचीच. उतार तिथं आहे."

"खालचं राहू दे म्हटलं ना."

"का पण?"

दादा उठला आणि बेसिनवर हात धुवायला गेला. हात आधीच धुतलेले होते. वहिनीची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

छोटीच्या मनात पाल चुकचुकली. दादा वाद घालणारा माणूस. नाही म्हणायचं असलं तर कारणं मोजून दाखवेल, वर आवाज चढवेल. नुसतं 'राहू दे' म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मग तिनंही हट्टच धरला. पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. अखेर दादा एकदम कावला.

"तुझं खूळ आहे, तूच पेर. मी ट्रॅक्टरला हात लावणार नाही."

हेही नवलच होतं. ट्रॅक्टरला दुसऱ्या कुणी हात लावला तर ज्याच्या कपाळाला आठ्या पडत, तो किल्ली टेबलावर टाकून निघून गेला. छोटीनं किल्ली उचलली आणि दोन्ही शेतं पेरली.

उगवण झकास झाली. मक्याच्या कापलेल्या बुडख्यांमधून हिरवी लव वर आली. मग एका सकाळी छोटी खालच्या शेतात उतरली आणि जागीच थबकली. लव पांढरी पडली होती. सगळीकडे नाही, लांबच लांब पट्ट्यांत. वाळलेल्या पानाचा पिवळेपणा वेगळा, कीड लागल्याचा तांबूसपणा वेगळा. हा कागदासारखा कोरा पांढरा रंग होता. मुळ्याची दोन-दोन पानांची रोपं आणि बरसीमची इवली तीन पानं, सगळी जणू रात्रीतून रंग धुऊन टाकल्यासारखी. ओट तेवढा त्यातून हिरवा उभा होता, तोही जरा मलूल. पट्ट्याच्या शेजारी हातभर अंतरावर मात्र तीच रोपं टवटवीत.

कुणीतरी काहीतरी केलं आहे, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार.

ती तडक बियाण्याच्या दुकानात गेली. एक पांढरं रोप रुमालात गुंडाळून नेलं होतं. दुकानदार जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं रोप उजेडात धरलं आणि परत दिलं.

"बियाण्याचा दोष नाही, बाई."

"तुम्ही दुसरं काय म्हणणार!"

"बरोबर आहे, मी तेच म्हणणार. पण बियाणं खराब असतं तर दोन्ही शेतांत खराब निघालं असतं. असं पान पांढरं पडतं ते औषधानं. तुमच्या मातीत तणनाशक उरलंय, नाहीतर कुणीतरी टाकलंय."

"कुणी टाकलंय?"

"ते मला कसं कळणार? थोडी माती डब्यात भरा, त्यात मुळा पेरा आणि बघा. रोप खोटं बोलत नाही."

कुणीतरी टाकलंय, हे शब्द तिच्या डोक्यात घर करून बसले. घरी येताना तारेच्या कुंपणापलीकडे शेजारी उभा दिसला. सगळे त्याला गोडबोल्या म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी तो रागवत नसे. खालच्या शेताला लागूनच त्याचं शेत, आणि हे शेत आपल्याला कसायला द्या असं तो दादाच्या मागे कधीपासून लागला होता.

"काय ताई, पीक पांढरं धुतलंत वाटतं!" तो हसत म्हणाला. "साबण कुठला वापरलात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, रस्त्यावरून दिसतंय. उगाच कशाला जिवाला त्रास करून घेता? द्या ते शेत मला. तुम्ही वरचं बघा निवांत."

छोटी कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेली. त्याच्या बाजूनं औषध उडून आलं असतं तर कुंपणालगतची रोपं आधी गेली असती. ती तर सगळ्यांत हिरवी होती. म्हणजे औषध बाहेरून आलेलं नव्हतं. पण म्हणून गोडबोल्यावरचा संशय गेला असं नाही. तो फक्त बाजूला सरकून बसला.

संध्याकाळी तिनं दादाला विचारलं. गेल्या हंगामात मका पेरला तेव्हा ती अजून गिरणीतच होती. ती परत आली तेव्हा मका कमरेएवढा झाला होता.

"मक्याच्या वेळी खाली कुठलं औषध मारलं होतंस?"

"दरवर्षीचं."

"माप?"

"दरवर्षीचंच. मला काय शिकवतेस?"

"दोनदा तर नाही ना मारलंस?"

"मला वेड लागलंय का?" दादा म्हणाला. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्याच्या जरा बाजूला, भिंतीकडे बघत होता. नजरेला नजर देत नाही, छोटीनं मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं रिकामे पत्र्याचे डबे घेतले. एकात पांढऱ्या पट्ट्यातली माती, एकात हिरव्या जागेतली, एकात वरच्या शेतातली. प्रत्येकात मुळा पेरला, खिळ्यानं डब्यांवर खुणा ओरखडल्या आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं मांडले.

"हे काय नवीन?" वहिनीनं विचारलं.

"माती खरं सांगते का बघायचंय."

"खिडकीत जागा नाही हो ताई, भांडी कुठं वाळवू?" वहिनी म्हणाली, पण डबे तिनं हलवले नाहीत. नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

मुळा उगवला. तिन्ही डब्यांत सारखाच हिरवागार. पांढऱ्या पट्ट्याच्या डब्यातली रोपं तर सगळ्यांत जोमदार.

छोटी डबा हातात घेऊन बसली. हे शक्यच नव्हतं. तिनं बोट मातीत खुपसलं. खालच्या शेतातली माती काळी आणि चिकट. वाळली की तिला भेगा पडतात. ही भुसभुशीत होती. तिनं डबा कागदावर पालथा केला, ढेकूळ बोटांनी फोडलं, आणि तळाशी तिला अंड्याच्या टरफलाचा तुकडा सापडला. शेतात अंड्याचं टरफल कुठून येणार? टरफलं, साली, चहाचा चोथा जात असे तो मागच्या परसात, वहिनीच्या वाफ्यात.

कुणीतरी डब्यातली माती बदलली होती. आणि घरात माणसं तीनच.

तिनं माती परत डब्यात भरली, रोपं होती तशी खोचली आणि डबा जागेवर ठेवून दिला. वहिनी आली तेव्हा म्हणाली, "छान उगवलाय मुळा."

"हो ना," वहिनी म्हणाली. "म्हणजे मातीत काही नाही म्हणायचं."

"तसंच दिसतंय."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसू दोघींनाही जड गेलं.

त्या दिवसापासून छोटी डोळ्यात तेल घालून वावरू लागली. घर तेच, पण आता प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू दिसायला लागली. ती आत आली की बोलणं थांबायचं. दादा वर्तमानपत्र उघडून बसायचा आणि पान उलटायचाच नाही. घरची जुनी जीप आत घेताना त्यानं फाटकाचा खांब वाकवला आणि म्हणाला, खांबच मुळात वाकडा होता. आणि एका दुपारी तिला भलतंच दिसलं. रस्त्याच्या वळणावर गोडबोल्याची करडी गाडी थांबली होती. दादा आणि वहिनी, दोघंही बाहेर जायच्या कपड्यांत, घाईघाईनं चालत गेले आणि मागच्या सीटवर बसले. गाडी घरापर्यंत आली नव्हती. वळणावरच थांबली होती.

परत आले तेव्हा वहिनीच्या हातात कापडी पिशवी होती, घडी न मोडलेली.

"कुठं गेला होता?"

"बाजारात," वहिनी म्हणाली.

"काय आणलंत?"

"काही मिळालं नाही हो मनासारखं."

हे पुढेही होत राहिलं. दर थोड्या दिवसांनी करडी गाडी, तेच वळण, तीच रिकामी पिशवी. छोटीनं आपल्या मनात हिशेब जुळवला आणि तो जुळला म्हणूनच तिला जास्त वाईट वाटलं. खालचं शेत गोडबोल्याला द्यायचं ठरलेलं दिसतंय. मला विचारायचं नाही, म्हणून गुपचूप कागद करायला जातात. मी तिथं पेरू नये म्हणून दादा आडवा आला. पेरलंच, तर ते नासावं. नासलं की छोटीच म्हणेल, जाऊ दे, देऊन टाका. आणि वहिनी, जिला ती सख्ख्या बहिणीसारखी मानत होती, ती तिच्याच खिडकीत बसून तिचीच माती बदलत होती. तोंड उघडून विचारावं असं तिला कितीदा तरी वाटलं. पण विचारलं तर पुन्हा भिंतीकडे बघून उत्तर मिळणार, आणि खोटं ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणून ती गप्प राहायची.

पीक वाढत गेलं. ओटाला लोंब्या आल्या, वरच्या शेतात मुळ्याला पांढरट जांभळी फुलं लागली, बरसीम गुडघ्याला लागू लागला. खालच्या शेतात पट्टे तसेच राहिले. मुळा, बरसीम मरून गेले होते, विरळ ओट आणि त्यात घुसलेलं तण. आडवं करायची वेळ जवळ आली होती.

अंगणातल्या धान्याच्या, घराएवढ्या उंच पत्र्याच्या कोठीचं झाकण वाऱ्यानं वाजत होतं म्हणून छोटी एका सकाळी शिडीनं वर चढली. झाकणाचा बोल्ट आवळला आणि सहज खाली पाहिलं. इतक्या उंचावरून तिनं खालचं शेत हे पीक आल्यापासून पाहिलंच नव्हतं.

पट्टे रस्त्याच्या बाजूनं निघाले होते आणि नाल्याकडे गेले होते, ट्रॅक्टर चालतो तसे. फवारणी यंत्राचे दोन्हीकडचे पंख जिथं एकाच जागेवरून दोनदा गेले, तिथं औषध दुप्पट पडलं होतं. मक्याला त्यानं काही झालं नाही. पुढं पाऊस कमी झाला, औषध विरलं नाही, आणि नाजूक पानांच्या रोपांना ते बाधलं. ओट गवताच्या जातीचा, म्हणून तगला. हे सगळं तिला एका नजरेत कळलं. तिला कळलं नाही ते एवढंच की पट्टे सरळ का नव्हते. सुरुवातीला बोटभर रुंद दिसणारा पट्टा पुढं पुढं फुगत जात होता आणि डावीकडे कलत होता. काही ठिकाणी तर तीन फेऱ्या एकमेकींवर चढल्या होत्या, आणि मध्ये फटी राहिल्या होत्या. त्या फटींत मका उभा असताना तण माजलं होतं, हे तिला आठवलं.

हे काम दादाचं? दादाच्या पेरणीच्या ओळी लोक रस्त्यावर थांबून बघायचे. दोरी लावल्यासारख्या ओळी. असा माणूस असं फवारतो ते एक तर प्यायलेला असताना, नाहीतर मुद्दाम. दादा पीत नव्हता.

ती खाली उतरली ती ठरवूनच. आज समोरासमोर बसायचं.

पण दादा घरात नव्हता. ट्रॅक्टर ठेवायच्या पत्र्याच्या शेडमधून इंजिनाचा आवाज आला. ती धावत गेली. दादानं ट्रॅक्टरला मागे रोलर जोडला होता, पाण्यानं भरलेला जड लोखंडी पिंप, अंगावर आडव्या पात्या असलेला.

"काय करतोयस?" ती ओरडली.

"खालचं आडवं करून टाकतो," तो वरून म्हणाला. "फुलावर आलंय. तूच म्हणालीस ना, फुलावर आलं की."

"तू हात लावणार नव्हतास!"

"आता लावतो."

म्हणजे आज पट्टे पुसायचे आहेत. एकदा सगळं चटईसारखं झोपलं की कोण कुठं वाकडा गेला ते जन्मात दिसणार नाही. छोटीच्या अंगाचा तिळपापड झाला. दादा ट्रॅक्टर मागे घेत होता, शेडबाहेर वळवायला. ती डाव्या बाजूनं पुढं झाली, लाकडी खांबाशी उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"थांब! आधी मला उत्तर दे!"

इंजिनाच्या आवाजात शब्द विरून गेले असतील. पण ती भर उजेडात उभी होती, लाल स्वेटर घालून, हात वर करून. दादानं मान तिच्या बाजूला वळवली, रोलरकडे पाहिलं, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही, आणि तो मागे येत राहिला.

रोलरचा कोपरा तिच्या दंडाला लागला आणि तिला खांबावर दाबत गेला. स्वेटरची बाही पातीत अडकून टरकली. तेवढ्यात शेडच्या तोंडाशी धावत आलेल्या वहिनीची किंकाळी आली.

"अहो, ताई! ताई आहेत तिकडं! डावीकडं! थांबा!"

ट्रॅक्टर थांबला. दादा उडी मारून उतरला आणि रोलरच्या भोवती हातानं चाचपडत आला. "कुठंय? कुठंय ती?" तो विचारत होता. ती त्याच्या डावीकडे चार पावलांवर होती.

छोटीच्या दंडावर रक्त आलं होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दादाचे डोळे बघत होती.

वहिनीनं दोघांना आत आणलं, छोटीचा दंड धुतला, पट्टी बांधली. हाड शाबूत होतं. मग ती चूल पेटवायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "सांगा आता. नाहीतर मी सांगते."

दादानं टेबलावर तळवे पसरले. "डावीकडचं दिसत नाही," तो म्हणाला. "उजवीकडचंही कडेनं जायला लागलंय. मधलं दिसतं, म्हणून चालून जातं. आधी वाटलं थकवा असेल. गेल्या हंगामात फवारायला गेलो तर मागच्या फेरीची चाकोरीच सापडेना. वाटायचं, इथं मारलंय की नाही? मग पुन्हा मारायचो. घरी आलो आणि कुणाला बोललो नाही."

"वहिनींना?"

"यांनी खांब वाकवला तेव्हा मला कळलं," वहिनी म्हणाली. "खोटं कशाला बोलू, त्याच्या आधीच कळलं होतं. कप टेबलाच्या बाहेर ठेवायचे आणि म्हणायचे, टेबल कुणी सरकवलं? खांब वाकल्यावर मीच मागे लागले, डॉक्टरकडे चला म्हणून."

"आणि गोडबोल्या?"

"शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो तो आम्हाला. काचबिंदू आहे म्हणाले. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकतं. गाडी चालवू नका म्हणून बजावलंय. बस तिथवर जात नाही, तुम्हाला सांगायचं नव्हतं, मग कुणाला सांगणार?"

"त्यानं फुकट नेलं?"

वहिनीनं चुलीत लाकूड सरकवलं. "शेताचं विचारलं त्यानं गाडीत. एकदा नाही, दरवेळी. आम्ही हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही."

"आणि माझी माती?"

"बदलली मी," वहिनी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "रोपं पांढरी झाली असती तर तुम्ही यांना धारेवर धरलं असतंत. मला वाटलं, हिरवी निघाली की सोडून द्याल. पण तुम्ही काही सोडणाऱ्यातल्या नाही."

छोटीला राग यायला हवा होता. तो येऊ लागलाही, पण दादा बोलायला लागला.

"तुला वाटत असेल आम्हीच लपवाछपवी केली. मला काय वाटत होतं, ऐक. तू परत आलीस, दोन दिवसांत शेतभर फिरलीस, आणि नेमकं म्हणालीस की खालच्या शेतात असलं काहीतरी पेरायचं. मला वाटलं, हिला कळलंय. ही गिरणीतली, पोत्यात कोपरापर्यंत हात घालणारी. माझ्या चुका उगवून वर याव्यात, सगळ्या गावानं रस्त्यावरून बघाव्यात, म्हणून मुद्दाम पेरतेय. मग म्हणेल, दादाच्यानं आता होत नाही, द्या माझ्या हातात."

"अरे, मला काय माहीत तू काय फवारलंस!"

"ते आता कळतंय."

"इतके महिने तू मला असं समजत होतास?"

"आणि तू मला?" दादानं विचारलं.

 आपण काय काय जुळवलं होतं ते सांगायची तिची छाती होईना. करडी गाडी, गुपचूप कागद, मुद्दाम नासवलेलं पीक. चहा तिघांच्याही पुढ्यात निवला.

दुसऱ्या दिवशी रोलर छोटीनं चालवला. दंड ठणकत होता, तरी एका हातानं स्टिअरिंग धरून तिनं आधी वरचं आणि मग खालचं शेत आडवं केलं. दादा मागून चालत होता. वाकून देठ बोटांनी दाबून बघायचा, नीट चेचला गेला नसेल तर हात वर करायचा, की ती फेरी पुन्हा. ओट झोपला, बरसीम झोपला, मुळ्याची फुलं चटईत दबली. पट्ट्यांच्या जागी चटई विरळच राहिली. तिथं तिघांनी मिळून तण उपटलं आणि मक्याचा जुना कडबा पसरला. त्या वर्षी खालच्या शेतात औषध मारायचं नाही असं ठरलं, आणि पेरणीपूर्वी छोटीनं पुन्हा डबे भरले. या वेळी वहिनीनंच माती आणून दिली, आणि दोघींनी मिळून ती काळी, चिकट असल्याची खात्री करून घेतली.

डॉक्टरकडे आता छोटी घरच्या जीपमधून नेऊ लागली. पहिल्या खेपेला ती आतच जाऊन बसली आणि डॉक्टरीणबाईंना इतके प्रश्न विचारले की बाई म्हणाल्या, "डोळे तुमचे तपासायचेत की यांचे?" दादा त्यावर खूप दिवसांनी मोकळा हसला. थेंब त्याला स्वतःला घालता येत नसत, गालावर सांडायचे. ते वहिनी घालायची.

चटईतून मका वर आला. पट्ट्यांत जरा मागे राहिला, बाकी ठीक. एका सकाळी भाऊ-बहीण बांधावर उभे असताना गोडबोल्या कुंपणाशी आला. छोटीनं त्याला आधीच सांगून टाकलं होतं की शेत देणार नाही, आणि गाडीतून नेल्याबद्दल आभारही मानले होते. दोन्ही गोष्टी त्यानं सारख्याच गोडीनं ऐकून घेतल्या होत्या.

"दादा, ते मिश्रण काय होतं तुमचं?" त्यानं विचारलं. "म्हणतो, मीही पेरून बघावं या खेपेला. माझीही माती नाल्यात जातेच की."

छोटीनं भुवया उंचावल्या. याला एकाएकी काय झालं? पण दादानं त्याला सगळं सांगितलं. ओट किती, बरसीम किती, मुळा किती, रोलर कधी फिरवायचा.

"फक्त एक कर," दादा म्हणाला. "पेरायच्या आधी, गेल्या वर्षी तू कुठं काय फवारलंस, ते खरं खरं आठव. हे पीक सगळं वर काढतं."

गोडबोल्या हसला. मग ते हसू मध्येच थांबलं, आणि तो मान वळवून आपल्या शेताच्या पार टोकाकडे, नाल्याच्या बाजूला बघत राहिला.

दादाला ते दिसलं नाही. छोटीला दिसलं.